बारावीनंतरचा उन्हाळा: पहिल्या वर्षाआधीच कॉलेजचा अभ्यास सुरू कसा करायचा

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश पक्का झालेला विद्यार्थी ऑगस्टची वाट बघत बसत नाही. जून-जुलैच्या उन्हाळी सत्रात तो पहिल्या वर्षाचे एक-दोन विषय उरकून टाकतो आणि त्याचे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे, पदवीसाठी मोजले जाणारे एकक) पदवीत धरले जातात. आपल्याकडे हे जसंच्या तसं होत नाही. तिथे प्रवेश शाळा संपण्याआधी ठरतो, आपल्याकडे निकालानंतर. मार्चमध्ये बारावीचा शेवटचा पेपर देऊन एस्टीत बसता तेव्हा तुम्ही कुठल्याच कॉलेजचे नसता, मग क्रेडिट जमा कोणाकडे करणार?

तरी महिने रिकामे असतातच. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी कुठेही बघा, या दिवसांत पालकांना कोर्सच्या जाहिराती दाखवल्या जातात आणि ‘आधीच क्रेडिट मिळवा’ असं सांगून पैसे घेतले जातात. माझं मत आधीच सांगतो. या उन्हाळ्यात क्रेडिटच्या मागे धावू नका. पहिल्या सत्रात ज्या विषयात मुलं गटांगळ्या खातात तो एक विषय धरा आणि कॉलेज उघडण्याआधी त्यात हात बसवा. क्रेडिटचे एक-दोन खरे रस्ते आहेत, तेही सांगतो, पण ते बहुतेक जुलैनंतर उघडतात.

आधी आपल्या हातात किती दिवस आहेत ते मोजा

सगळ्यांची सुट्टी सारखी नसते. बारावीची परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत संपते. २०२५ साली निकाल ५ मे रोजी लागला (कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिला, नेहमीप्रमाणे). रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. त्यांचे फॉर्म मे महिन्यात, याद्या मेअखेर ते जून आणि तास जूनच्या मध्याला. म्हणजे या मुलांना जवळजवळ तीन महिने सलग मिळतात.

इंजिनीअरिंग, फार्मसी किंवा कृषीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांची सीईटी एप्रिल-मेमध्ये, कॅप राउंड (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या) जुलैपासून पुढे आणि वर्ग भरायला ऑगस्ट किंवा सप्टेंबर उजाडतो. बीसीए, बीबीए, बीएमएसलाही २०२४ पासून सीईटी आली आहे. ज्याची सीईटी बाकी आहे त्याने ती होईपर्यंत हा लेख बाजूला ठेवावा. सीईटीत वाढलेले चार पर्सेंटाइल कुठल्याही उन्हाळी कोर्सपेक्षा जास्त कामाचे आहेत. त्यानंतरचे दोन-तीन महिने मात्र या मुलांकडे असे पडून असतात की पालकांनाच घोर लागतो.

उन्हाळ्यातच खरोखर कॉलेज सुरू होतं तो एक रस्ता

आयआयटी मद्रासचा ‘डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’ हा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम २०२० पासून चालतो. वर्षाला तीन टर्म असतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. जेईई लागत नाही, त्याऐवजी क्वालिफायर, म्हणजे पात्रतेचा छोटा टप्पा असतो. अकरावीची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो, जागा त्याच्यासाठी राखली जाते आणि बारावी पास झाल्यावर तो रुजू होतो. शाखा कुठलीही चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. आर्ट्सच्या मुलीने हे वाचून पान उलटू नये, तिलाही हा दरवाजा उघडा आहे.

क्रम असा असतो. अर्ज आणि फी भरली की चार आठवड्यांचा मजकूर खुला होतो. विषय चार: इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला स्वाध्याय येतात. त्यात किमान सरासरी गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पास झालात की फाउंडेशन पातळी, तिचे ३२ क्रेडिट. पुढे डिप्लोमा, मग ११४ क्रेडिटला बीएस्सी आणि १४२ क्रेडिटला बीएस. मध्येच बाहेर पडलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हातात राहतं. सामाजिक गट आणि घरचं उत्पन्न यांनुसार फीमध्ये सवलत आहे, तिचा तक्ता अर्ज करण्याआधी नीट वाचा.

गावातल्या कॉलेजात बीएस्सी किंवा बीकॉम करत हे बाजूने करता येतं का? येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, त्यात एक प्रत्यक्ष वर्गातली आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरस्थ अशी जोडी चालते. चालते म्हणजे झेपते असं मात्र नाही. फाउंडेशनचे दोन-तीन विषय एका टर्मला घेतले तर आठवड्याचे पंधरा-वीस तास सहज जातात. म्हणून उन्हाळ्यातला क्वालिफायर ही चांगली चाचणी आहे: चार आठवडे रोज चार तास बसवत असेल तर पुढे जा, नाही तर थोड्या पैशांत शहाणपण आलं असं समजा.

कोकणातल्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. परीक्षा केंद्रांच्या यादीत आपल्याला सोयीचं शहर आहे का, हे अर्ज भरतानाच बघा. कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याला जायची वेळ आली तर पावसाळ्यात घाटांत दरड कोसळते, आणि जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात. रविवारी सकाळी परीक्षा असेल तर शनिवारी दुपारपर्यंत त्या शहरात पोचलेलं बरं. मुक्कामासाठी नातेवाईक आहेत का, हेही त्याच दिवशी ठरवा.

स्वयम आणि एनपीटीईएल: उन्हाळ्यात ऐका, जुलैत नोंदवा

‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. एनपीटीईएल त्याहून जुनं, आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून उभं केलेलं. शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं असेल तरच फी. एनपीटीईएलची एका कोर्सची परीक्षा फी १००० रुपयांच्या घरात असते आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत मिळते.

अडचण वेळापत्रकाची आहे. हे कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. एप्रिल-मेमध्ये नवं काही सुरू होत नाही. मग उन्हाळ्यात करायचं काय? जुन्या सत्रांची व्याख्यानं बाराही महिने खुली असतात आणि बरेच कोर्स पुन्हापुन्हा येतात. मे महिन्यात जुनी व्याख्यानं ऐकून टिपणं काढा, सोडवता येतील ती उदाहरणं सोडवा. जुलैत तोच कोर्स पुन्हा लागला आणि कॉलेजची हरकत नसली तर नाव नोंदवा. एव्हाना निम्मं ओझं उतरलेलं असतं. काही कोर्सच्या व्याख्यानांचं लिखित मराठी भाषांतरही मिळतं. ते परीक्षेपुरतं वाचू नका, इंग्रजी व्याख्यान ऐकण्याआधी एकदा नजरेखालून घाला.

क्रेडिटचा हिशेब साधा आहे: चार आठवड्यांच्या कोर्सला १, आठला २ आणि बाराला ३. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. ऐकायला मोठं वाटतं. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आहे. तीन क्रेडिट आधी मिळवून पदवी एका दिवसानेही लवकर संपत नाही. एखाद्या सत्रात एक विषय हलका होतो, एवढाच फायदा. तो कमी नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढा मोठाही नाही.

वेळेआधी पदवी संपवायचीच असेल तर रस्ता वेगळा आहे. यूजीसीने २०२४ च्या अखेरीस ‘अ‍ॅक्सिलरेटेड डिग्री’ला मान्यता दिली. त्यात तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत आणि चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करता येते. पण निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी होते, जागा दहा टक्क्यांपर्यंतच आणि एक समिती विद्यार्थ्याची तयारी तपासते. त्यामुळे तिथेही पहिल्या सत्राचे गुणच बोलतात. उन्हाळ्याचा अभ्यास उपयोगी पडतो तो असा.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

प्रवेशाचा फॉर्म भरायला जाल तेव्हा हे विचारून घ्या. ऑफिसच्या खिडकीवर विचारून भागत नाही, तिथे ‘नंतर बघू’ एवढंच ऐकू येतं. परीक्षा विभागातले सर किंवा त्या विषयाचे विभागप्रमुख गाठा.

‘सर, प्रवेशाच्या आधी केलेला ऑनलाइन कोर्स तुम्ही धरता का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ येईल, कारण सत्र सुरू होण्याआधी संस्थेने मान्य केलेल्या यादीतलाच कोर्स क्रेडिटसाठी धरला जातो. मग पुढचा प्रश्न: ‘या वर्षीची यादी कधी लागणार आणि त्यात पहिल्या वर्षाला काय आहे?’ तिसरा: ‘तो कोर्स कुठल्या विषयाच्या जागी बसतो?’ मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा विषय), कौशल्य अभ्यासक्रम अशा रकान्यांपैकी ऑनलाइन कोर्स बऱ्याचदा ओपन इलेक्टिव्हमध्ये बसतो, मेजरमध्ये क्वचित. उत्तर ईमेलवर किंवा नोटीस बोर्डच्या फोटोत मिळालं तरच पक्कं समजा. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ यावर १००० रुपये भरू नका.

कॉलेज स्वायत्त आहे का, हेही कळून घ्या. स्वायत्त कॉलेज यादी स्वतः ठरवतं, संलग्न कॉलेजला विद्यापीठाकडे बघावं लागतं.

याच फेरीत अपार क्रमांकाचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं बघा. बारा आकडी असतो आणि क्रेडिट बँकेतलं, म्हणजे मिळालेले क्रेडिट जिथे जमा होतात तिथलं, तुमचं खातं त्यावर चालतं. डिजिलॉकरमधून काढता येतो. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुंबईतल्या काकांचा असेल आणि ते फोन उचलत नसतील, तर ओटीपीसाठी आठवडा जातो. गुणपत्रिका आणि दाखले डिजिलॉकरमध्ये आधीच चढवून ठेवा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा घराघरांतली कागदपत्रं चिखलात गेली. नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, ईडब्ल्यूएस यांसाठी सेतूकडे निकालाच्या आधीच जा, नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मुख्य काम: एक विषय

आता खरा अभ्यास. सगळे विषय थोडे थोडे केले तर जूनमध्ये सगळंच अर्धवट असतं. एकच विषय धरा. कुठला, ते कुठे जाणार यावर ठरतं.

इंजिनीअरिंगला जाणाऱ्याने गणित धरावं. लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाखालचं कॉलेज असो की मुंबई विद्यापीठाचं, पहिल्या गणितात मॅट्रिक्स आणि पार्शल डिफरन्सिएशन भेटतंच. बारावीचं डिफरन्सिएशन पक्कं नसेल तर पार्शल समजत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे बारावीचंच पुस्तक उघडा आणि साखळी नियमाची उदाहरणं हाताने सोडवा. मग मॅट्रिक्सची रँक, मग पार्शल. रोज दहा उदाहरणं, वहीत, पेनाने. व्हिडिओ बघून समजलं असं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही, हा अनुभव दरवर्षी नव्या मुलांना येतो. गणित चांगलं असेल तरच प्रोग्रामिंगकडे वळा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर सी, पायथॉन, लिनक्स यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि बऱ्याच धड्यांचं निवेदन मराठीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिला ‘लूप’ मराठीत ऐकायला मिळाला की भीती निम्मी होते.

सायन्समधून कॉमर्सकडे वळणाऱ्यांची गत सर्वांत अवघड, कारण वर्गातल्या बाकीच्या मुलांनी दोन वर्षं अकाउंट्स केलेलं असतं. त्यांनी अकरावी कॉमर्सचं अकाउंट्सचं पुस्तक शेजारच्या कोणाकडून तरी मागून आणावं आणि जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, फायनल अकाउंट्स या क्रमाने जावं. घरी आंब्याचा किंवा काजूचा धंदा असेल तर त्या हंगामाचे खरे व्यवहार जर्नलमध्ये घाला: पेट्या कितीला गेल्या, गाडीभाडं, मजुरी, दलालाचं कमिशन, व्यापाऱ्याकडे उधारी किती. पुस्तकातल्या काल्पनिक दुकानापेक्षा हे लवकर डोक्यात बसतं, आणि बाबांना हंगामाचा नफा पहिल्यांदाच कागदावर दिसतो. तो बघून ते खूश होतीलच असं नाही.

बीएस्सीला गणिताची उजळणी आणि रसायनशास्त्रातली मोलची उदाहरणं पुरेशी. बीएला जाणाऱ्यांनी वाचनाचा वेग वाढवावा, तोही इंग्रजी मजकुराचा: रोज एक संपादकीय आणि त्याचा मराठीत पाच ओळींचा सारांश.

कृषीला जाणाऱ्यांना मी वेगळंच सांगतो. त्यांच्यासाठी घरची बाग हाच उन्हाळी वर्ग. हापूसमध्ये साका (गरातला स्पंजासारखा खराब भाग) का होतो, मोहोर दोनदा का येतो, फवारणीचं वेळापत्रक कोणी ठरवलं, हे वहीत लिहा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या रत्ना आणि सिंधू या जाती जवळपास कोणाच्या बागेत असतील तर जाऊन बघा, फळ चाखा, मालकाला विचारा की परत लावाल का. काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांची बी शेजारी शेजारी ठेवून वजन करा. पहिल्या वर्षी फळबागेच्या तासाला या वहीतली पानं कामी येतात.

आणि एमएससीआयटी? करायला हरकत नाही, सरकारी नोकरीच्या फॉर्मला लागते. टायपिंगची परीक्षाही तशीच. पण दोन्ही म्हणजे कॉलेजचा अभ्यास नव्हे.

कोकणातल्या मे महिन्यात वेळ कुठून काढायचा

मुंबई-पुण्यासाठी लिहिलेली वेळापत्रकं इथे चालत नाहीत. एप्रिल-मेमध्ये घरात आंबा उतरतो, पेट्या भरायच्या असतात, आढी लावायची असते, काजूच्या बिया वेचायच्या असतात. त्यात चाकरमानी येतात, लग्नं असतात, आणि घरात अभ्यासाला कोपरा राहत नाही. ‘मला अभ्यास आहे’ म्हणून खळ्यातल्या कामातून पळ काढू नका, मतभेदच होतील. आईशी बोलून एक वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा.

पहाटे साडेपाच ते साडेआठ ही वेळ मला सर्वांत बरी वाटते. उकाडा कमी असतो आणि पाहुणे उठलेले नसतात. गणिताची उदाहरणं तेव्हाच. दुपारी जेवणानंतर डोकं चालत नाही, तेव्हा व्याख्यान ऐकावं, तेही तासाभराच्या वर नको. एवढे चार तास आठवड्यातून पाच दिवस झाले तर मेअखेर एक विषय हाताखाली येतो. लग्नाच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, हेही आधीच ठरवा.

रेंजचा प्रश्न राहतो. वाडीत रेंज नसेल तर सड्यावर चढून व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही, उन्हात स्क्रीनही दिसत नाही. आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी जाल तेव्हा पुढच्या आठवड्याची व्याख्यानं मोबाइलवर उतरवून घ्या, कमी दर्जात, फळ्यावरचं वाचता येईल इतपत. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस गडगडायला लागला की लाईट जाते, कधी दोन-दोन दिवस. तोपर्यंत टिपणं कागदावर असली पाहिजेत. वाचनालयांचा विचार करा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. बसायला शांत जागा आणि जुनी पाठ्यपुस्तकं कुठे मिळतील, हे अशा ठिकाणी जाऊन विचारा.

अभ्यासाला जोडीदार हवा, पण एकच. चौघांचा ग्रुप केला की क्रिकेट सुरू होतं.

तास सुरू झाल्यावर

इंजिनीअरिंगला पहिले तीन आठवडे इंडक्शन कार्यक्रम असतो, त्या काळात अभ्यास सोडू नका. बाकीच्यांनी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात विषयाच्या सरांना वही दाखवावी आणि विचारावं की अभ्यासक्रमातलं यातलं काय आहे, काय नाही. काही प्रकरणं वाया गेलेली निघतील. चालतं.

जुलैत एनपीटीईएल नोंदवलंच असेल तर नोंदणी आणि परीक्षेची फी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे लक्षात ठेवा. नाव नोंदवून फी भरायची राहिली तर परीक्षेला बसता येत नाही. गुण २५ टक्के स्वाध्यायांचे, ७५ टक्के परीक्षेचे, आणि पास व्हायला स्वाध्यायात २५ पैकी १० व परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरतात. याचा हिशेब गणपतीच्या आधीच करा: ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये घरी गणपती आणि गौरी आले की एक-दोन स्वाध्याय राहतात. ते चार माफ असलेल्यांत बसतात, पण त्याआधीचे सगळे भरलेले असले तरच. केंद्र निवडायची वेळ आली की परीक्षेच्या तारखेला आपल्या कॉलेजची अंतर्गत परीक्षा नाही ना, हे तपासून मगच शहर भरा.